ऑफिसातला गोंगाट आणि भिंतीवरचे चाळीस चौकोन

एका कंपनीत प्रशासनाचं काम पाहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र, थोडक्यात. ऑफिसचा हॉल १८ मीटर लांब, १० मीटर रुंद, ३.२ मीटर उंच. ३२ माणसं एकत्र बसतात. निम्मी विक्री आणि ग्राहकसेवेची, दिवसभर फोनवर. उरलेली प्रोग्रामिंग आणि हिशेबाची. नूतनीकरणात फॉल्स सीलिंग काढून स्लॅब उघडा ठेवला, खाली टाइल्स घातल्या, एका लांब बाजूला पूर्ण काच बसवली. तेव्हापासून एका टोकाचा फोन दुसऱ्या टोकाला शब्दन् शब्द ऐकू येतो. भिंतींवर फोमचे ३० सेंटिमीटरचे ४० चौकोन चिकटवून झाले, फरक शून्य. दोन्ही विभागांत धुसफूस सुरू आहे. श्रवणयंत्र वापरणारे एक सहकारी हॉलमधल्या चर्चांना येईनासे झाले आहेत. साहेब म्हणतात, हेडफोन वाटून टाका. कंत्राटदार म्हणतो, मधोमध काचेचं पार्टिशन घाला. यातलं काय करावं?

नमस्कार,

तुम्ही मापं कळवलीत हे फार बरं झालं. त्यामुळे मोघम बोलण्याऐवजी थेट हिशेब मांडता येतो. पण त्याआधी पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू. तुम्ही लिहिलंय, ‘विक्रीची मंडळी हळू बोलतच नाहीत, कितीही सांगा.’ ते सांगूनही हळू बोलत नाहीत, यात त्यांच्या स्वभावाचा भाग थोडा आहे आणि हॉलचा फार मोठा. भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. एकाने चढवला की शेजारचा चढवतो, मग पलीकडचा. घुमणाऱ्या हॉलमध्ये हे चक्र दिवसभर चालू राहतं. सूचना देऊन ते अर्धा तास थांबेल, फार तर दुपारपर्यंत. तेव्हा त्यांना बोल लावणं आधी थांबवा. धुसफूस निम्मी तिथेच कमी होईल.

दुसरं गृहीतक फोमचं. एवढे ४० चौकोन लावूनही काही झालं नाही, म्हणजे असल्या उपायांत अर्थ नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढत आहात. आकडे बघा. खोलीत आवाज किती वेळ घुमतो हे खोलीच्या घनफळावर आणि आतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या मिळून शोषणावर ठरतं. हे नातं हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन यांनी शोधलं. १८९५ मध्ये त्यांच्याकडे एक नवं व्याख्यानगृह सोपवलं गेलं, जिथे बोललेलं पाच सेकंदांहून जास्त वेळ रेंगाळायचं आणि कुणाला काही समजायचं नाही. त्यांनी रात्रीच्या शांततेत खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर करून मोजमाप केलं. सूत्र साधं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. तुमचं घनफळ ५७६ घनमीटर. काँक्रीट, टाइल्स आणि काच आवाजाचा जेमतेम २ ते ५ टक्के भाग पितात, बाकीचं शोषण माणसं, खुर्च्या आणि सामानसुमान करतं. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात: १ म्हणजे आलेला सगळा आवाज पिणारा १ चौरस मीटरचा पृष्ठभाग. सगळं मिळून ५५ चौरस मीटर धरू. उत्तर येतं १.७ सेकंद. अशा ऑफिसात ते ०.६ च्या आसपास हवं, आणि त्यासाठी शोषण १५५ लागतं. म्हणजे तुम्हाला १०० चौरस मीटर शोषण कमी पडतंय.

तुमच्या ४० चौकोनांचं क्षेत्रफळ भरतं ३.६ चौरस मीटर. त्यांनी आवाजाचा ६० टक्के भाग प्यायला असं धरलं तरी भर पडली २ ची. ५५ चे ५७ झाले. हॉलमधली घुमणाऱ्या आवाजाची पातळी त्याने सुमारे ०.१६ डेसिबलने उतरते, आणि कानाला १ डेसिबलचा फरकसुद्धा मुश्किलीने कळतो. अंगणभर सांडलेलं पाणी हातरुमालाने टिपल्यासारखं हे झालं. शिवाय फोम थेट भिंतीला चिकटवलेला. सच्छिद्र वस्तू आवाज पिते ती हवेची हालचाल अडवून, आणि कडक भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून तरंगलांबीच्या पाव अंतरावर. ५०० हर्ट्झला, म्हणजे बोलण्याचा भरदारपणा जिथे असतो तिथे, हे अंतर १७ सेंटिमीटर येतं. म्हणून चिकटवलेला पातळ फोम वरचे तीक्ष्ण स्वर थोडे पितो आणि पुरुषी आवाजाचा घोगरा गलका तसाच सोडतो. तोच माल मागे हवेची पोकळी ठेवून लावला तर कितीतरी जास्त काम करतो. आणखी एक, आणि हे गांभीर्याने घ्या: स्वस्त पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आगीच्या चाचणीचा दाखला नसेल तर ते चौकोन काढून टाका.

आता नेमकं काय कमी करायचं ते ठरवू. तुमच्या प्रोग्रामिंगच्या लोकांचं लक्ष मोडतं ते आवाजाच्या जोराने कमी, शब्द कळल्यामुळे जास्त. एसीची घरघर तेवढ्याच डेसिबलची असली तरी मेंदू ती सोडून देतो. पण पलीकडचं कुणी ‘पेमेंट अजून आलं नाही’ म्हणालं की इकडच्या डोक्यातला धागा तुटतो. म्हणून आयएसओ ३३८२-३ हे खुल्या ऑफिसांच्या मोजमापाचं आंतरराष्ट्रीय मानक नुसता जोर मोजत नाही. बोलणाऱ्यापासून किती लांब गेल्यावर शब्दांची स्पष्टता ठरलेल्या मर्यादेखाली उतरते, ते अंतर मोजतं. हे अंतर ५ मीटर किंवा कमी असेल तर ऑफिस चांगलं, साधारण १० मीटरच्या पुढे गेलं तर वाईट.

याची कामचलाऊ चाचणी तुम्ही फुकटात करू शकता, आणि काहीही विकत घेण्याआधी ती कराच. सुट्टीच्या दिवशी, पण एसी रोजच्यासारखा चालू ठेवून, एका सहकाऱ्याला विक्रीच्या खुर्चीत बसवा. ऐकणाऱ्यांना अपरिचित असा मजकूर त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचायचा, पाठ झालेलं काही नको, कारण ओळखीचे शब्द मेंदू आपोआप भरून काढतो. दोघा-तिघांनी हळूहळू लांब जायचं, प्रत्येक मीटरला खाली बसून ऐकायचं, कारण बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून १.२ मीटरवर असतो आणि उभ्याचा बराच वर. जिथे वाक्याचा अर्थ लागेनासा होतो तिथे जमिनीवर टेप लावा. तीन-चार वेगवेगळ्या खुर्च्यांवरून हेच करा, फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर याच टेपच्या खुणांशी तुलना करायची आहे. मोबाइलवरचं डेसिबल ॲप आधी-नंतरच्या तुलनेला चालेल, निव्वळ आकड्यावर विसंबू नका.

चाचणी झाली की पहिला खर्च छतावर. लोक भिंतींकडे धावतात कारण त्या डोळ्यांसमोर असतात, पण तुमच्या हॉलमध्ये सर्वांत मोठा मोकळा कठीण पृष्ठभाग वर आहे, १८० चौरस मीटरचा, आणि टेबलांवरून निघालेला आवाज तिथेच आपटून दुसऱ्या टोकाला उतरतो. फॉल्स सीलिंग काढल्यावर त्रास सुरू झाला हे तुम्हीच लिहिलंय. पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. उघड्या स्लॅबचं रूप साहेबांना प्रिय असेल तर पूर्ण सीलिंग परत घालायची गरज नाही. १.२ मीटर बाय १.२ मीटरचे, ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल किंवा ग्लासवूलचे (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या दाट गादीचे) तुकडे स्लॅबपासून २० ते ३० सेंटिमीटर खाली तारेने आडवे टांगा. अशा तुकड्याला वरून आणि खालून दोन्हीकडून आवाज लागतो, म्हणून १.४४ चौरस मीटरच्या एका तुकड्याकडून बोलण्यातल्या स्वरांसाठी साधारण २ चौरस मीटर शोषण मिळतं. १०० हवंय, म्हणजे ५० तुकडे. छताचा ४० टक्के भाग. दोन तुकड्यांमध्ये ३० सेंटिमीटर तरी फट ठेवा, अगदी चिकटून लावले तर वरच्या बाजूचा फायदा जातो. एकदम ५० परवडत नसतील तर आधी विक्रीच्या टेबलांच्या आणि दोन विभागांमधल्या पट्ट्याच्या वरच्या छताला लावा. हॉलभर विरळ पसरलेल्या २५ पेक्षा तिथले २५ जास्त उपयोगी.

इथे काम बिघडतं ते तपशिलात. तुकड्याचं कापड असं हवं की त्याला तोंड लावून सहज श्वास घेता येईल. रेक्झिन किंवा दाट प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर आवाज आत शिरतच नाही. मळले म्हणून वर्ष-दोन वर्षांनी कुणी साधा ऑइल पेंट मारला की छिद्रं बुजतात आणि सगळा पैसा पाण्यात. स्प्रिंकलर आणि धुराचे सेन्सर झाकले जाता कामा नयेत. तुकड्यांची मांडणी अग्निसुरक्षा पाहणाऱ्याकडून कागदावर मंजूर करून घ्या. एसीच्या तोंडासमोर तुकडा आला तर हवा एकाच टेबलावर आपटेल आणि तो माणूस आठवड्याभरात तो तुकडा काढायला लावेल. आणि स्लॅबला भोक पाडण्याआधी आतल्या पाइप-वायरी कुठून जातात ते बघा. प्रत्येक तुकड्याला टांगायच्या चार तारा, चारही स्लॅबमध्ये पक्क्या, एसीच्या जुन्या डक्टला लटकवायचं नाही.

विक्रेता एक आकडा सांगेल, एनआरसी ०.९० असा काही. एनआरसी म्हणजे माल आवाजाचा किती भाग पितो त्याचा सरासरी आकडा. त्याला एकच प्रश्न विचारा: हा कोणत्या बसवणीत मोजला? ई-४०० म्हणजे मागे ४०० मिलिमीटर पोकळी ठेवून, टाइप ए म्हणजे थेट पृष्ठभागावर. सध्या सगळीकडे दिसणारे ९ मिलिमीटरचे रंगीत पीईटी फेल्टचे (प्लॅस्टिकच्या धाग्यांच्या नमद्याचे) पॅनल पोकळीसह चांगला आकडा दाखवतात आणि भिंतीला चिकटवले की त्यातला बराचसा गमावतात. वाईट नाहीत ते, पण ज्या आकड्यासाठी पैसे मोजताय तो तुमच्या बसवणीचा असायला हवा. आगीचा दाखलाही कापड आणि गोंदासकट तयार पॅनलचा मागा, नुसत्या गाभ्याचा नको.

५० तुकडे लावल्यावर काय होईल, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर निराशा नको. शोषण ५५ वरून १५५ झालं तर घुमणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे साडेचार डेसिबलने उतरेल. ऐकायला थोडं वाटतं. पण घुमणं कमी झाल्यावर अंतराबरोबर आवाज विरायला लागतो, आणि भोवतालचा गलका उतरला की लोंबार परिणाम उलटा चालतो: माणसं स्वतःहून खाली बोलतात. जो फरक जाणवतो त्यात हा दुसरा भाग मोठा असतो. एक मात्र होणार नाही. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू यायचं थांबणार नाही. नेहमीच्या बोलण्याची पातळी १ मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते, आणि तो आवाज थेट येतो, छताला न विचारता. त्याच्यासाठी आडोसा लागतो.

आडोशाची उंची ठरवताना कान १.२ मीटरवर आहे हे लक्षात ठेवा. १.२ मीटरचं पार्टिशन दिसायला पार्टिशन असतं, आवाजाला तो अडथळाच नाही. १.४ ते १.५ मीटर हवं. ७५ सेंटिमीटरच्या टेबलावर बसवणार असाल तर टेबलापासून ६५ ते ७५ सेंटिमीटर वर. आत लाकडी फळी किंवा जड पत्रा, दोन्ही बाजूंनी २५ ते ३० मिलिमीटर शोषक आणि कापड. निव्वळ काच किंवा ॲक्रिलिक घेतलंत तर बोलणाऱ्याचा आवाज परत त्याच्याच ओळीत फेकला जातो. टेबल आणि पार्टिशन यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तरी आवाज तिथून येतो, ती रबरपट्टीने बुजवा. आणि हे छतानंतरच करा. छत उघडं असताना पार्टिशन लावलं तर आवाज वरून उडी मारून पलीकडे पडतो, मग लोक म्हणतात पार्टिशनचाही उपयोग नाही.

भिंतींवरचं काम आता सोपं आहे. समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींपैकी एक तरी मऊ करायची. तुमच्याकडे एक लांब बाजू काचेची आहे, तेव्हा समोरच्या भिंतीवर जमिनीपासून ०.९ ते २ मीटरच्या पट्ट्यात, तोंडा-कानाच्या उंचीला, ५० मिलिमीटरचे पॅनल मागे ५० मिलिमीटर पोकळी ठेवून लावा. काचेला जाड कापडाचे, काचेच्या रुंदीच्या दुप्पट कापड असलेले चुणीदार पडदे, काचेपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे. पातळ जाळीदार पडदा उन्हासाठी ठीक. गालिचा पावलांचा आणि खुर्च्यांच्या चाकांचा आवाज छान मारतो, बोलण्याचं फार काही करत नाही. मुख्य येण्याजाण्याच्या वाटेवर घातला तरी पुरे.

याबरोबरच बिनखर्चाची एक गोष्ट, जागांची. विक्रीची टेबलं हॉलच्या एका टोकाला, माणसांची तोंडं त्या टोकाच्या, शक्य तर शोषक लावलेल्या, भिंतीकडे आणि पाठ प्रोग्रामिंगकडे. शब्द ओळखायला लागणारे तीक्ष्ण स्वर तोंडाच्या समोर जास्त आणि पाठीमागे बरेच कमी जातात, म्हणून नुसती खुर्ची फिरवल्याने फरक पडतो. दोन विभागांच्या मध्ये प्रिंटर, कपाटं, वह्या-फायलींची रॅक ठेवा.

साहेबांचा हेडफोनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. दोन्ही कान बंद करणारे हेडफोन घालून फोन करणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो ओरडायला लागतो. विक्रीसाठी तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट घ्या आणि त्यात साइडटोन, म्हणजे स्वतःचा आवाज कानात हलका परत येण्याची सोय, चालू करा. अनेक हेडसेटमध्ये ती असते पण बंद करून ठेवलेली. आवाज कमी करणारे हेडफोन प्रोग्रामिंगच्या लोकांना हवे असतील तर जरूर द्या, पण दिवसभर कान झाकून बसणं ही त्यांची निवड असावी, ऑफिसने त्यांच्यावर टाकलेला भार नको.

काचेच्या पार्टिशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. कंत्राटदार ज्याला साउंडप्रूफ म्हणतो आणि आपण आत्तापर्यंत ज्या शोषणाबद्दल बोललो, ती दोन वेगळी कामं आहेत. रॉकवूलचा तुकडा खोलीतला घुमारा पितो, पलीकडे जाणारा आवाज थांबवत नाही. जड भिंत आवाज थांबवते, पण पीत नाही. तुमच्या हॉलमध्ये काच घातली तर दोन छोटे, तितकेच घुमणारे हॉल होतील. आणि भिंत अडवते तरी केव्हा? जेव्हा ती स्लॅबपर्यंत जाते आणि कुठे भोक नसतं तेव्हा. भिंतीच्या क्षेत्रफळाचा १ टक्का जरी उघडा राहिला, तरी काच कितीही जाड घ्या, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. दाराखालची फट, वरून जाणारा सामाईक डक्ट, चौकटीभोवती न भरलेली जागा मिळून हा १ टक्का सहज होतो. त्याऐवजी लांबलचक फोन आणि व्हिडिओ कॉलसाठी दोन फोन-बूथ घ्या. आयएसओ २३३५१-१ या मानकात बूथचा आवाज बाहेर किती कमी होतो ते मोजून वर्ग देतात. ब वर्ग म्हणजे २५ ते ३० डेसिबल, कामापुरतं चांगलं. वर्ग लिहून मागा, आणि आत दार लावून १५ मिनिटं बसून बघा. पंखा कमकुवत असेल तर घुसमटलेली माणसं दार उघडं ठेवून बोलतील आणि बूथ असून नसल्यासारखा.

तुमच्या श्रवणयंत्र वापरणाऱ्या सहकाऱ्यांसाठी घुमणं हा इतरांपेक्षा मोठा अडथळा आहे. यंत्र बोलण्याबरोबर घुमाराही मोठा करतं, आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. म्हणून चर्चेच्या टेबलावरचे सहा-आठ तुकडे पहिल्याच खेपेत लावा, आणि ते लावताना त्यांना विचारून त्यांची जागा ठरवा: पाठीमागे मऊ भिंत, समोर सगळ्यांचे चेहरे, एसीपासून लांब. चाचणीतही त्यांना घ्या. ते चर्चांना येत नाहीत याचं कारण हॉल आहे हे बाकीच्यांना कळणंही गरजेचं आहे.

साउंड मास्किंग, म्हणजे स्पीकरमधून वाऱ्यासारखा एकसंध आवाज सोडून दूरचे शब्द पुसट करणं, हा उपाय खरा आहे पण शेवटचा. घुमणाऱ्या हॉलमध्ये तो आधी बसवला तर गोंगाटात भर पडते. छत आणि आडोसे झाल्यावर, हॉल रिकामा असतानाची पातळी ३५ डेसिबलच्या खाली असेल आणि टेपच्या खुणा अजून ५ मीटरच्या बऱ्याच पुढे असतील, तरच त्याचा विचार करा. पातळी ४० ते ४५ डेसिबल, त्यावर नाही. एकदम न वाढवता काही आठवड्यांत हळूहळू वर न्या. रेडिओ किंवा गाणी हा त्याला पर्याय होत नाही, त्यात पुन्हा शब्द आलेच. श्रवणयंत्रवाल्या सहकाऱ्यांना त्याचा त्रास होतो का हे प्रत्येक टप्प्यावर विचारा, आणि चर्चेच्या टेबलावर तो बंद ठेवा.

साहेबांपुढे जाताना तिन्ही आकडे एका कागदावर न्या: आत्ताचे १.७ सेकंद, हवेत ते ०.६, आणि टेपच्या खुणांची अंतरं. पूर्ण मागणी एकदम मंजूर झाली नाही तर आठ तुकडे, दोन पार्टिशन आणि चार हेडसेट एवढ्याची मागणी करा, एका कोपऱ्यात बसवा आणि त्या कोपऱ्यातली वाचनाची चाचणी साहेबांना खुर्चीत बसवून पुन्हा करा. उरलेल्या तुकड्यांची ऑर्डर त्याच विक्रेत्याला, त्याच जाडीची द्या. दुसऱ्या खेपेत जाडी २५ मिलिमीटरवर आणून किंमत उतरवायचा प्रस्ताव येईल, तो घेऊ नका.